हायकोर्टाने दुसरे अपील फेटाळले. सुप्रीम कोर्टात 'हक्काचे अपील' आहे का?

प्रश्न : कागल तालुक्यात आमची साडेचार एकर वडिलोपार्जित बागायत जमीन आहे. माझे लग्न १९९६ साली झाले. आई आधीच गेली होती, वडील २०११ साली वारले. दोन्ही भावांनी हिस्सा नाकारल्याने मी २०१४ मध्ये वाटपाचा दावा दाखल केला. वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाने माझा एक तृतीयांश हिस्सा मान्य केला. भावांच्या अपिलात जिल्हा न्यायालयाने मात्र १९९८ साली वडील व भाऊ यांच्यात तोंडी वाटप झाले असून त्याचा फेरफारही मंजूर आहे, एवढ्यावर माझा दावा रद्द केला. माझे दुसरे अपील हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचने 'कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उद्भवत नाही' असे म्हणून सुरुवातीलाच फेटाळले. त्याला आज ४१ दिवस झाले. वकिली शिकणारा पुतण्या म्हणतो, सीमाप्रश्नाचा दावा थेट सुप्रीम कोर्टात चालतो, तर आपणही थेट रिट दाखल करू, नाहीतर सरन्यायाधीशांना पत्र पाठवू. गावातले एक जाणकार म्हणतात, सुप्रीम कोर्टात अपील हा प्रत्येकाचा हक्कच आहे. भाऊ जमीन विकण्याच्या खटपटीत आहेत. मी काय करावे?

उत्तर : आपण निकालानंतरचे दिवस मोजून कळवलेत, हे फार बरे केले, कारण या प्रकरणात सर्वात आधी मोजायची गोष्ट तीच आहे. हायकोर्टाच्या निकालापासून ९० दिवसांत सुप्रीम कोर्टात विशेष अनुमती याचिका, म्हणजे वकिलांच्या बोलीत एसएलपी, दाखल करावी लागते. ४१ दिवस गेले, ४९ उरले. प्रमाणित नकल मिळण्यात गेलेला काळ हिशेबातून वगळता येतो हे खरे, पण त्यावर भिस्त ठेवून स्वस्थ बसू नका.

आता जाणकारांच्या मताविषयी. दिवाणी दाव्यात सुप्रीम कोर्टाचे अपील हा आपला हक्क नाही. पूर्वी वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या दाव्यात हायकोर्टाच्या दाखल्यावर वर जाण्याची वाट होती, आणि गावोगावच्या समजुतीत ती अजून शिल्लक असावी. १९७२ च्या तिसाव्या घटनादुरुस्तीने किमतीची ती कसोटी काढून टाकली. आज अनुच्छेद १३३ नुसार हायकोर्टाने असा दाखला द्यावा लागतो की, प्रकरणात सार्वत्रिक महत्त्वाचा कायद्याचा सारभूत प्रश्न आहे आणि तो सुप्रीम कोर्टानेच निकाली काढणे आवश्यक आहे. तोही मार्ग आपल्याला बंद आहे, कारण त्याच अनुच्छेदाचा तिसरा खंड सांगतो की, हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींच्या निकालावर असे अपील चालत नाही. दुसरी अपिले एकच न्यायमूर्ती ऐकतात. त्यांच्या निकालावर हायकोर्टातच दोन न्यायमूर्तींपुढे जाण्याची सोयही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० अ ने बंद केली आहे. म्हणून दाखल्यासाठी अर्ज करण्यात उरलेले दिवस घालवू नका.

राहिला अनुच्छेद १३६. देशातील कोणत्याही न्यायालयाच्या वा न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची विशेष अनुमती देण्याचा अधिकार या अनुच्छेदाने सुप्रीम कोर्टाला दिला आहे. त्याला लष्करी न्यायालयांचा अपवाद आहे, पण त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. मात्र हा अधिकार कोर्टाचा आहे, पक्षकाराचा नाही. आपण दार वाजवायचे आणि आत घ्यायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे. निकाल चुकीचा आहे एवढे सांगून अनुमती मिळत नाही. ती चूक कायद्याची आहे, उघड आहे आणि तशीच ठेवली तर मोठा अन्याय होईल, हे पहिल्या काही मिनिटांतच पटवून द्यावे लागते.

पुतण्याने दिलेले सीमाप्रश्नाचे उदाहरण कोल्हापुरात कोणालाही सुचावे असेच आहे. कागलच्या पुढे थोडे गेले की निपाणी लागते. परंतु महाराष्ट्र शासनाने २००४ साली दाखल केलेला तो दावा अनुच्छेद १३१ खालचा आहे. केंद्र आणि राज्ये किंवा राज्ये आपापसांत भांडत असतील तरच या अनुच्छेदाखाली सुप्रीम कोर्ट मूळ दावा ऐकते. बहीण-भावांच्या वाटपाचा दावा तेथे सुरू होऊ शकत नाही. रिटचा मार्गही चालणार नाही. अनुच्छेद ३२ मूलभूत हक्कांसाठी आहे आणि मालमत्तेचा हक्क चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत राहिलेला नाही. तो आता अनुच्छेद ३०० अ मध्ये आहे. शिवाय न्यायालयाच्या न्यायिक आदेशालाच रिटने आव्हान देता येत नाही, हे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९६६ साली नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ठरवले. तो खटला मुंबई हायकोर्टाच्याच एका आदेशावरून उभा राहिला होता. पुतण्याला तो मुळातून वाचायला सांगा, परीक्षेलाही उपयोगी पडेल. सरन्यायाधीशांना पाठवलेल्या पत्राची दखल घेतली जाते ती सार्वजनिक हिताच्या बाबतीत. खाजगी मिळकतीचे भांडण त्यात बसत नाही आणि असे पत्र पाठवल्याने मुदतही थांबत नाही.

मग आपल्या प्रकरणात पटवून देण्यासारखे काही आहे का? माझ्या मते आहे, आणि ते दोन ठिकाणी आहे.

पहिला मुद्दा तोंडी वाटपाचा. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले की, मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार, असते आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातील केंद्राची दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी, वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटपांना कायद्याने संरक्षण दिले आहे. पण ते वाटप नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले असले पाहिजे. तोंडी वाटपाची सबब सरसकट मान्य करायची नाही. सार्वजनिक कागदपत्रांचा आधार असेल आणि वाटप हुकूमनाम्याने व्हावे तितक्या पक्केपणाने सिद्ध होत असेल, अशा अपवादात्मक प्रकरणीच ती स्वीकारता येते. भावांचे वकील नेमके येथेच बोट ठेवतील : फेरफार हे सार्वजनिक कागदपत्रच आहे. हा युक्तिवाद हलक्याने घेऊ नका. त्याला उत्तर असे की, महसुली नोंदी मुख्यतः सारावसुलीसाठी असतात, त्यांनी मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सुप्रीम कोर्टाने वारंवार सांगितले आहे. १९९८ चा फेरफार कशावरून झाला ते काढा. केवळ वर्दीवरून झाला, की तहसीलदारांच्या वाटप आदेशावरून? त्यानंतर सातबारे खरोखर वेगळे झाले का? पीककर्ज आणि ऊसबिले कोणाच्या नावे निघत होती? या उत्तरांवर मुद्द्याचे वजन ठरेल.

दुसरा मुद्दा आपल्या पत्रात ओघात आला आहे, पण मला तो पहिल्यापेक्षा भक्कम वाटतो : आपले लग्न १९९६ चे आहे. केंद्राने २००५ साली जे केले ते महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासूनच केले होते. त्या राज्य दुरुस्तीने मुलगी सहदायाद झाली. त्या तारखेपूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्या मुली वगळल्या गेल्या आणि आधी झालेली वाटपे अबाधित राहिली. आपण त्या दिवशी अविवाहित होता. म्हणजे १९९८ साली वडील आणि भाऊ वाटप करायला बसले तेव्हा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत आपण आधीच हिस्सेदार होता, आणि आपल्याला वगळून झालेले वाटप, ते खरोखर झाले होते असे धरले तरी, आपल्यावर बंधनकारक कसे, हा शुद्ध कायद्याचा प्रश्न आहे. जिल्हा न्यायालयाने याचा विचार केलेला दिसत नाही. यावर हायकोर्टात कायद्याचा प्रश्न काढून सुनावणी व्हायला हवी होती, असे मांडता येईल.

मात्र एक अडचण तपासून घ्या. विशेष अनुमती याचिका खालच्या कोर्टापुढील कागदपत्रे आणि कैफियती यांच्या चौकटीतच ठेवावी लागते. लग्नाचे साल दाव्यात, सरतपासात किंवा उलटतपासात आलेले असेल, तर हा मुद्दा पूर्वी घेतला नसला तरी आता मांडता येईल, कारण त्यासाठी नवा पुरावा लागत नाही. ते साल रेकॉर्डवर कुठेच नसेल, तर काम अवघड होईल. आपल्या जबानीची नकल काढून हे आज ना उद्या पाहाच.

काही वकील सर्किट बेंचमध्येच पुनर्विलोकन अर्ज, म्हणजे त्याच कोर्टाकडे निकालाच्या फेरविचाराचा अर्ज, करण्याचा सल्ला देतील. आपले पत्र बारा दिवस आधी आले असते तर मीही कदाचित तेच सुचवले असते, कारण त्याची मुदत ३० दिवसांची आहे. आता विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल आणि तो चालू असताना दिल्लीची मुदत थांबणार नाही. शिवाय कुन्हयाम्मद विरुद्ध केरळ राज्य या २००० सालच्या निकालानुसार, एसएलपी कारणे न देता एका ओळीत फेटाळली गेली तर हायकोर्टाचा निकाल सुप्रीम कोर्टाच्या आदेशात विलीन होत नाही आणि हायकोर्टात पुनर्विलोकन मागण्याची वाट उरते. म्हणून आधी एसएलपी करा.

अनुमती मिळाली तर याचिकेचे दिवाणी अपील होईल. तरीही सुप्रीम कोर्ट स्वतः जमिनीचे वाटप करील अशी अपेक्षा ठेवू नका. अशा प्रकरणात हायकोर्टाचा आदेश रद्द करून, कायद्याचा प्रश्न काढून अपील नव्याने ऐकण्यासाठी ते परत पाठवले जाणे, हाच मला अधिक संभाव्य शेवट वाटतो. तसे झाले तर आपली सुनावणी पुन्हा भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत होईल. १८ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंच सुरू होण्यापूर्वी त्यासाठीही मुंबईच्या गाड्या धराव्या लागत होत्या.

जमीन विक्रीबाबत एक बारकावा लक्षात घ्या. आपला दावा रद्द झालेला असल्याने नुसती 'स्थगिती' मागून काही हाती लागत नाही. रद्द झालेला दावा स्थगितीने जिवंत होत नाही. याचिकेसोबत मिळकत विकू नये, तिच्यावर बोजा चढवू नये, असा 'जैसे थे' आदेश स्वतंत्रपणे मागावा लागेल. याचिका दाखल होताच दुय्यम निबंधकांकडे लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीचा वाद कोर्टात चालू असल्याची, नोटीस नोंदवून घ्या आणि कोल्हापुरातील एखाद्या दैनिकात जाहीर नोटीस द्या, म्हणजे घेणाऱ्याला 'मला माहीत नव्हते' असे म्हणता येणार नाही.

सुप्रीम कोर्टात वकिलांपैकी फक्त ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे त्या कोर्टाकडे नोंदलेले वकीलच, याचिका दाखल करू शकतात; आपल्या येथील वकिलांचे वकीलपत्र तेथे पुरत नाही. तेथील कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे सातबारा, फेरफार, जबान्या अशा प्रत्येक मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर करावे लागते, आणि माझ्या अनुभवात ४९ दिवसांतले बरेचसे यातच जातात. खर्चाची चिंता असेल तर महिलांना उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत सुप्रीम कोर्ट विधी सेवा समितीकडे अर्ज करता येईल. जाताना तिन्ही निकालांच्या प्रमाणित नकला, दाव्याची व कैफियतीची प्रत, १९९८ चा फेरफार आणि आपली जबानी सोबत घ्या. नकला हाती आल्या नसतील तर त्यांच्यासाठी केलेल्या अर्जाची पोच तरी घ्या.