काका म्हणतात, "विक्रमापेक्षा मोठी मूळ संख्या मला सापडली." हे खरं की नाही, कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की काकांचं सूत्र असं आहे: कोणतीही मूळ संख्या घातांकात घाला, २ चा तेवढा घात काढा, १ वजा करा, की नवी मूळ संख्या मिळते. त्यातून निघालेली एक संख्या सध्याच्या विक्रमापेक्षा मोठी आहे. शिवाय पायथन या संगणकभाषेत फर्माची कसोटी (संख्या मूळ वाटते का, हे बघायची झटपट चाचणी) लावली, तर संख्या त्यात पास झाली. आता हे कुणाकडे पाठवायचं, असा तुमचा प्रश्न.

लगेच कुणाकडेच पाठवू नका. मी बरीच वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, त्यामुळे असे कागद अधूनमधून माझ्याकडे येतात आणि बहुतेक पहिल्याच पानावर निकालात निघतात. सूत्र खरं आहे का आणि ही विशिष्ट संख्या मूळ आहे का, हे दोन दावे वेगळे आहेत. सूत्र चुकीचं असूनही संख्या मूळ निघू शकते.

सूत्राचा निकाल ११ वरच लागतो. २^११ − १ म्हणजे २०४७ आणि २०४७ = २३ × ८९. यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "बरं, मग घातांकात अशीच सूत्रातून आलेली मूळ संख्या घालायची." २ वरून ३, ३ वरून ७, ७ वरून १२७, १२७ वरून एक ३९ अंकी संख्या, आणि या सगळ्या खरोखरच मूळ आहेत. (ती ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवलं, तेही संगणकाशिवाय!) पण १३ पासून सुरुवात केली की गाडी अडते. २^१३ − १ = ८१९१ ही मूळ आहे, मात्र २^८१९१ − १ मूळ नाही; तिला ३३८१९३७५९४७९ ने पूर्ण भाग जातो. आणि २ पासूनच्या साखळीतली त्या ३९ अंकी संख्येच्या पुढची कडी? तिच्यात किती अंक असतील, तो आकडाच ३८ अंकी आहे. ती मूळ आहे असं म्हणणाऱ्याला आज कुणी खोटं ठरवू शकणार नाही, पण त्याला शोध म्हणत नाहीत.

आता फर्माच्या कसोटीकडे या, कारण खरी गोम तिथे आहे. तिच्यात एक छोटी संख्या आधार म्हणून घेतात, तपासायच्या संख्येतून १ वजा करून तेवढा आधाराचा घात काढतात आणि त्याला त्या संख्येने भागतात; बाकी १ आली की पास. काकांनी आधार २ घेतला असणार, सगळे तोच घेतात. परत २०४७ घ्या. २^११ = २०४८, त्याला २०४७ ने भागलं की बाकी १. कसोटीत काढायचा असतो २^२०४६, आणि २०४६ = ११ × १८६. म्हणजे बाकी १ चाच १८६ वा घात, अर्थात १. संख्या पास, आणि ती तर २३ × ८९! मूळ घातांकाच्या अशा प्रत्येक संख्येचं हेच होतं, मूळ असो वा नसो. आधार ३ घेऊन बघायला सांगा: ३^२०४६ ला २०४७ ने भागल्यावर बाकी १०१३ उरते आणि पितळ उघडं पडतं. आधार ३ मध्ये पास झाली तरी संख्या फक्त "बहुधा मूळ" ठरते, सिद्ध होत नाही.

सिद्धतेसाठी या प्रकारात लुकास-लेहमर कसोटी आहे आणि ती कागदावरही करता येते. १२७ साठी: ४ पासून सुरुवात करा, दर वेळी वर्ग करून २ वजा करा आणि १२७ ने भागून बाकी ठेवा. ४, १४, ६७, ४२, १११, ०. घातांक ७ असल्यामुळे ७ − २ = ५ पायऱ्या, आणि शेवटी शून्य आलं म्हणजे मूळ. ४२ चा वर्ग १७६४, त्यातून २ गेले १७६२, १२७ ने भागून बाकी १११, अशी एखादी पायरी काकांना हाताने करायला लावा, त्यांना आवडेल.

हेच विक्रमी आकाराला लावायचं म्हणजे काय ते बघा. आजचा विक्रम २^१३६२७९८४१ − १, त्यात ४,१०,२४,३२० अंक. (घातांकाला ०.३०१०३ ने गुणलं की अंकांची संख्या कळते. काकांनी सांगितलेले अंक या हिशेबात बसतात का, ते आधी बघा.) सुमारे साडेतेरा कोटी पायऱ्या, प्रत्येक पायरीला चार कोटी अंकी संख्येचा वर्ग, आणि मधे एक बिट जरी उलटला तरी पुढचं सगळं वाया. म्हणून एका यंत्राचं उत्तर कुणी ग्राह्य धरत नाही. ११ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स प्रोसेसरने ही संख्या बहुधा मूळ असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोतल्या दुसऱ्या प्रोसेसरवर लुकास-लेहमर पूर्ण झाली. त्यानंतरही वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या यंत्रांवर चालवून खात्री केली आणि मगच २१ तारखेला जाहीर केलं. शोधणारा लूक ड्युरंट हा एनव्हिडिया या ग्राफिक्स प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीत काम केलेला माणूस, गणिताचा प्राध्यापक नव्हे. तेव्हा काका हौशी आहेत, ही मुळीच अडचण नाही. चुकायचं तर ज्याच्या नावाने या प्रकारच्या संख्या ओळखल्या जातात, तो खुद्द मर्सेनही चुकला होता: मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या १६४४ च्या त्याच्या यादीत ६७ आणि २५७ हे घातांक विनाकारण होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते.

काकांची संख्या या साच्यातली नसती, तर काम आणखी अवघड होतं. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांची २००२ ची पद्धत कोणत्याही संख्येला लागू पडते आणि सिद्धांत म्हणून ती अप्रतिमच आहे, पण कोट्यवधी अंकांपुढे तिचा उपयोग नाही.

तर काकांकडून फक्त घातांक घ्या, अंकांनी भरलेला पेनड्राइव्ह नको. तो घातांक स्वतः मूळ आहे का बघा. नसेल तर विषय तिथेच संपला. असेल तर अवयव शोधा. घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्याच तपासाव्या लागतात (२०४७ च्या बाबतीत २३ = २२ + १, ८९ = ८८ + १), त्यामुळे साधा लॅपटॉपही बरंच काम करतो. त्याहून सोपं म्हणजे हा विक्रम ज्या स्वयंसेवी प्रकल्पाने केला, त्या गिम्प्सच्या संकेतस्थळावर घातांक टाका. १०० कोटींच्या आतला असेल तर आजवर अवयव सापडलाय का, कसोटी कुणी घेतलीय का, ते समोर येतं. कुणीच घेतली नसेल तर प्राइम९५ हा त्यांचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. काकांनी तो घरच्या संगणकावर लावून द्यावा आणि यूपीएसची बॅटरी तेवढी तपासून घ्यावी.