पंधरा दिवस सिगरेट सोडली, रिपोर्ट तसाच

इंदूरचं तिशीतलं जोडपं. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. सूनबाईच्या सोनोग्राफ्या, हार्मोनच्या तपासण्या सगळ्या उरकल्यावर कुठे नवऱ्याच्या वीर्यतपासणीची पाळी आली. (खरं तर हीच तपासणी सोपी आणि स्वस्त, पण घरोघरी क्रम उलटा.) मिलिलिटरमागे शुक्राणू 1 कोटी 10 लाख, पुढे सरकणारे 18 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषात खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आणि 30 टक्के आहे. सिगरेटी दिवसाला दहा-बारा.

त्याने लगेच सिगरेट बंद केली आणि पंधरवड्यानंतर पुन्हा तपासलं. आकडे हलले नाहीत. “बाबांनी जन्मभर बिड्या ओढल्या, तरी आम्ही चौघं भावंडं,” असं म्हणत गडी परत गुमटीवर, म्हणजे पानटपरीवर.

सिगरेट ओढणारा प्रत्येक जण वंध्य होतो, असं कुणी म्हणत नाही. ज्याचे आकडे मुळात भरपूर, त्याला घट सोसते. काठावरच्याला सोसत नाही. आणि शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, मग परिपक्व होऊन बाहेर पडायला आणखी काही दिवस. म्हणजे त्या दुसऱ्या नमुन्यातले शुक्राणू सिगरेटच्याच काळातले होते. धुरातल्या घटकांनी शुक्राणूचं आवरण आणि आतला डीएनए दोन्ही दुखावतात. डीएनएची ही मोडतोड साध्या वीर्यतपासणीत दिसतही नाही.

त्याला उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागायची, म्हणून डॉक्टरांनी 4 मिलिग्रॅमचा निकोटीन गम दिला. तो बडीशेपेसारखा चघळत बसला, तर उचक्या आणि मळमळ. गम सावकाश चावायचा, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचा. कट चहानंतर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. तलफ सहसा पाच-दहा मिनिटांत उतरते. सिगरेटऐवजी गुटखा धरला तर सुटका नाही. मोफत मदतीसाठी 1800-11-2356.

पुढची तपासणी पूर्ण तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, आधी 2 ते 7 दिवस वीर्यपतन टाळून. नमुना तासाभरात पोचला पाहिजे. मधल्या काळात यूरॉलॉजिस्टकडून व्हेरिकोसील (अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा) आहे का ते तपासून घ्यायचं, सगळं खापर सिगरेटवर फोडून चालत नाही. पत्नी पस्तिशी ओलांडलेली असेल, तर हे तीन महिने नुसती वाट बघू नये. तिच्या डॉक्टरांचे उपचार बरोबरीने चालू ठेवावेत.