हसत हसत छताला टेकणारे अंकल अल्बर्ट

प्रश्न : ‘मेरी पॉपिन्स’ या सिनेमामध्ये हसता हसता हवेत तरंगत छतापर्यंत जाणारे ते म्हातारे अंकल अल्बर्ट कोण हो? माझी नात त्यांच्यावर फिदा आहे.

उत्तर : अहो ते एड विन! अमेरिकेतले कॉमेडी नट, जन्म १८८६ चा. १९३२ पासून रेडिओवर ‘फायर चीफ’, म्हणजे अग्निशमन दलाचा प्रमुख, म्हणून घराघरात पोचले, आणि बघा ना, रेडिओवर कोणाला काय दिसणार, तरी हा माणूस मेकअप करून, डोक्यावर फायरमनचं हेल्मेट चढवून स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर उभा राहायचा. १९४९ ला टीव्हीवर स्वतःचा शो आला, टीव्हीचं एमी अवॉर्ड मिळालं, पण नंतर त्या जुन्या कॉमेडीला कोणी विचारेना. मग अ‍ॅक्टर असलेल्या मुलाने, कीननने, गंभीर रोल कर म्हणून मागेच लागून १९५६ मध्ये टीव्हीवरच्या लाइव्ह नाटकात बॉक्सरच्या ट्रेनरचं काम करायला लावलं. सोबत स्वतः कीननही होता. रिहर्सलला वडील सारखे अडखळायचे, सगळ्यांच्या पोटात गोळा, पण ऐनवेळी काय निभावलंय त्यांनी, तेही सत्तरीला टेकलेले असताना! १९५९ च्या ‘द डायरी ऑफ अ‍ॅन फ्रँक’साठी ऑस्कर नॉमिनेशन मिळालं. नात थोडी मोठी झाली की तो सिनेमा नक्की दाखवा, त्यातले चिडचिडे, घाबरलेले मिस्टर डसेल म्हणजे हेच.