बरोबरीच्या हौशी मित्राचा बुद्धिबळाचा डाव पाहून त्याला उपयोगी पडेल असा अभिप्राय कसा द्यावा?

तुम्ही लिहिलंय की मित्र हरलेले डाव पाठवतो, तुम्ही इंजिन (चाली तपासणारा बुद्धिबळाचा प्रोग्राम) लावून चुका कळवता, आणि पंधरा दिवसांत तो तशीच चूक पुन्हा करतो. इंजिन त्याच्याकडेही आहे. कोणती चाल चुकली हे त्याला तुमच्याआधीच कळलेलं असतं. ती चाल खेळताना डोक्यात काय होतं आणि त्यात काय बघायचं राहिलं, हे मात्र इंजिन सांगत नाही. ते शोधायला मदत करणं हेच तुमचं काम, आणि त्यासाठी तुम्ही त्याच्यापेक्षा भारी खेळाडू असण्याची गरज नाही.

म्हणून डाव आला की आधी त्याच्याकडूनच टिपणं मागवा. इंजिन न लावता, डाव संपल्यावर शक्य तितक्या लवकर, तीन-चार ठिकाणी दोन-दोन ओळी: इथे मला काय वाटलं, दुसरी कोणती चाल मनात होती, समोरचा काय खेळेल असं धरलं होतं. लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर स्टडी (डाव मांडून टिपणं लिहायची वही) उघडून प्रत्येक चालीखाली हे लिहिता येतं. तिथल्या सेटिंगमध्ये कॉम्प्युटर अ‍ॅनालिसिस 'नोबडी'वर ठेवा, म्हणजे दोघांनाही चोरून बघायचा मोह होत नाही. स्पर्धेतला डाव रॅपिड (कमी वेळाचा) असेल तर चाली लिहिणं बंधनकारक नसतं, त्यामुळे हॉलबाहेर आल्या आल्या तो आठवून लिहायला सांगा. क्लासिकल (जास्त वेळाचा) असेल तर स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, दर चार-पाच चालींनी घड्याळातली वेळही टिपायला सांगा. नियमांना ते चालतं.

वेळ महत्त्वाची आहे. दोन सेकंदांत वजीर फुकट गेला आणि चार मिनिटं विचार करून वजीर फुकट गेला, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात त्याने पाहिलंच नाही. दुसऱ्यात पाहिलं, पण मोजताना एखादी चाल सुटली. शेवटच्या तीस सेकंदांतली घोडचूक तर सोडूनच द्या, आणि आधीची वेळ कुठे खर्ची पडली ते बघा. बहुतेकदा दहाव्या-बाराव्या चालीला, जिथे दोन-तीन चाली जवळपास सारख्याच होत्या, तिथे सहा मिनिटं गेलेली दिसतात.

आता एक नेहमीचा डाव घेऊ. मित्र काळा आहे. (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची.) ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, मग पांढऱ्याचा घोडा जी५ वर येतो. मित्र बरोबर डी५ खेळतो, पांढरा प्याद्याने ते प्यादं मारतो, आणि मित्र तीन सेकंदांत एफ६ वरच्या घोड्याने परत मारतो. त्यावर पांढरा एफ७ वर घोडा देतो. तिथून तो वजीर आणि हत्ती दोघांवर असतो, म्हणून राजाला तो घ्यावाच लागतो. लगेच पांढऱ्याचा वजीर एफ३ वरून शह देतो, आणि डी५ वरचा घोडा उंट आणि वजीर दोघांच्या तोंडी येतो. तो वाचवायला राजा ई६ वर, पटाच्या मधोमध. पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३ वर आला की डी५ वर तिसरा मारा. इंजिनला इथेही बचाव सापडतात. हजार-बाराशे रेटिंगच्या माणसाला घड्याळ चालू असताना सहसा सापडत नाहीत.

इथे 'पाचव्या चालीला घोडा ए५ हवा होता' एवढंच कळवलं, तर अभिप्राय बरोबर आहे पण निरुपयोगी आहे. तो ती एक चाल पाठ करेल. त्याऐवजी विचारा: 'प्यादं परत मारण्याआधी एफ७ वर कोणाकोणाचा डोळा होता?' घोड्याचा आणि उंटाचा. राखायला कोण? एकटा राजा. उंटाची वाट डी५ वर अडलेली आहे, आणि परत मारलं की तिथे अडकून बसणार तो आपलाच घोडा. शिवाय डी५ वरचं पांढरं प्यादं सी६ वरच्या घोड्याला मारतंय. मग तो घोडा हलणारच असेल तर असा हलवू की उंटावर चालून जाईल. एवढं बोलणं झालं की ए५ तो स्वतःच सुचवतो.

त्या चालीची किंमतही सांगा, हे फार जण विसरतात. पांढरा उंट बी५ वरून शह देतो, काळा सी६ वर प्यादं आणून अडवतो, प्याद्यांची मारामारी होते आणि काळ्याचं एक प्यादं कमी राहतं. बदल्यात मोहरी झपाट्याने बाहेर येतात. हे आधी माहीत नसेल तर पुढच्या वेळी प्यादं गेलेलं पाहून तो 'तुझं ऐकून फसलो' म्हणेल.

यातून निघालेला मुद्दा ओपनिंगचा नाही: समोरच्याने मारलं की विचार न करता परत मारायचं, ही सवय. त्याच्या आधीच्या आठ-दहा डावांत ती आणखी कुठे दिसते ते शोधा आणि दोन जागा दाखवा. तशा सापडल्या नाहीत तर ती सवय नव्हे, एकदाची चूक होती, तसंही सांगा.

इंजिन शेवटी, आणि ते फक्त आपलं म्हणणं तपासायला. स्टॉकफिश या इंजिनचा +१ म्हणजे एक प्यादं जास्त, हा हिशोब आता जुना झाला. २०२२ मधल्या १५.१ आवृत्तीपासून +१ म्हणजे इंजिन इंजिनाशी खेळलं तर जिंकण्याची ५० टक्के शक्यता. तुमच्या पातळीवर +२.५ चं +१.६ झालं म्हणून लाल खूण दाखवण्यात अर्थ नाही. इंजिनची जी चाल तुम्हाला स्वतःच्या दोन वाक्यांत समजावता येत नाही, ती मित्राला पाठवू नका. डाव हातातून गेल्यानंतरच्या, म्हणजे हत्ती खाली असतानाच्या चुकाही मोजू नका.

एका डावामागे तीन जागा पुरेत. त्यातली एक चांगल्या चालीची असू द्या, पण कारणासकट. 'मस्त खेळलास' याने काही कळत नाही. 'उंट मारायचा मोह सोडून आधी कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणं) केलंस, त्यामुळे ई फाइल (ई ची उभी रांग) उघडली तेव्हा राजा सुरक्षित होता' यातून पुढच्या डावात काय करायचं ते कळतं. 'तू असं का खेळलास?' हे 'का' वरच्या जोरामुळे जाब विचारल्यासारखं वाटतं, म्हणून लिहिताना 'इथे काय दिसत होतं?' असं विचारा.

चूक एंडगेममधली (मोजकीच मोहरी उरल्यावरची) असेल तर लिहित बसू नका, पट मांडा. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. काळ्याची पाळी असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर बरोबरी. बाजू आणि पाळी बदलून हे दहा वेळा एकमेकांशी खेळा. वीस मिनिटं लागतील. पुढचा डाव मागवताना त्याला आधी विचारा की मागच्या वेळची जागा यात कुठे आली, आणि ती त्यालाच दाखवू द्या.