समुपदेशन झालं, तरी गॅसची धास्ती जात नाही

कराडहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते:

«ताई, मी ३८ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. गेली तीन वर्षं गॅस बंद केलाय का हे बघण्यातच माझी सकाळ जाते. नॉब बघते, रेग्युलेटर बघते, कुलूप लावते, जिना उतरते, परत चढते. मिस्टरांचं दुकान घराजवळच आहे, म्हणून शाळेतून फोन करून त्यांना बघायला पाठवते. आता तर ते नॉबचा फोटोच काढून पाठवतात. एका समुपदेशक बाईंकडे पाच-सहा महिने गेले. बाई फार चांगल्या. सगळं ऐकून घ्यायच्या, लहानपणाबद्दल विचारायच्या, धीर द्यायच्या. तिथून निघताना हलकं वाटायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मिस्टर म्हणतात, नुसतं बोलून काय होणार? बहीण म्हणते सीबीटी कर, शेजारच्या काकू म्हणतात संमोहन. दहा वर्षांची मुलगी आता मी न विचारताच सांगते, “आई, गॅस बंद आहे.” माझंच काही चुकतंय का? कुठला उपचार घेऊ?»

प्रिय मैत्रिणी,

तुमचं काहीही चुकलेलं नाही. त्या बाईंनीही मनापासून ऐकलं असणार. पण तुमच्या त्रासावर जो उपचार लागतो, तो तुम्हाला अजून मिळालेलाच नाही, असं पत्र वाचून मला ठामपणे वाटतं.

पत्रावरून निदान करता येत नाही, मीही करणार नाही. तरी तुम्ही लिहिलेलं ओसीडीशी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती करायला लावणाऱ्या, आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात त्या आजाराशी, इतकं जुळतंय की मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्याच. तिथे बहुधा येल-ब्राउन मोजपट्टीवरचे दहा प्रश्न विचारतील. दिवसाचा किती वेळ यात जातो, कामात किती अडथळा येतो, विचार थोपवता येतात का, असे. उत्तरांचे ० ते ४० मध्ये गुण होतात. उपचार सुरू झाल्यावर हेच प्रश्न पुन्हा विचारले की फरक पडतोय का ते सगळ्यांनाच दिसतं.

आता मिस्टरांचा प्रश्न. तो रास्त आहे. बोलण्यातून होणारे उपचार अनेक तऱ्हेचे आहेत आणि त्यांची कामं वेगवेगळी आहेत. फ्रॉइडच्या वाटेने जाणारे लोक आजच्या त्रासाची मुळं जुन्या, दडपलेल्या अनुभवांत शोधतात. कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीत समोरच्या माणसाला न तोलता, न टोकता ऐकून घेणं हाच गाभा आहे. कुणी गेल्याचं दुःख असेल, घरात कोंडमारा होत असेल, एखादा निर्णय घ्यायचा असेल, तर असं ऐकणारं माणूस मिळणं ही मोठी गोष्ट आहे. तुमच्या बाईंची पद्धत मला या दोन्हींच्या मधली वाटते.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास वेगळी दिशा घेतली. प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये आपली एक समजूत असते, ती पकडून तपासायची. ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, त्यामुळे आपल्याकडे ती येणारे समुपदेशक बरेच भेटतात. पुढच्या दशकात अमेरिकेतच अॅरन बेक यांनी विचार आणि वागणूक दोन्हींवर काम करणारी पद्धत उभी केली, आणि आज ज्याला सीबीटी म्हणतात त्यात तिचा मोठा वाटा आहे.

तुमची बहीण बरोबर बोलतेय, फक्त अर्धं बोलतेय. सीबीटीच्या छत्राखाली बऱ्याच गोष्टी येतात. तुम्हाला त्यातली इआरपी हवी: भीतीला सामोरं जायचं आणि तपासणं थांबवायचं. मंत्रचळावर कित्येक दशकं मनोविश्लेषण, म्हणजे फ्रॉइडच्या वाटेचा उपचार, करून पाहिलं गेलं, फारसं हाती लागलं नाही. १९६६ साली लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांना ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ नेलं आणि नेहमीची कृती करू दिली नाही. दोघांनाही चांगला उतार पडला. इआरपी तिथून वाढत गेली.

प्रत्यक्षात काय करतात? आधी तुमच्या भीतींची उतरंड लावतात. प्रत्येकीला, ती किती घाबरवते त्यावरून, ० ते १०० मधला आकडा. नॉब एकदाच बघून स्वयंपाकघराबाहेर येणं, समजा, ४०. कुलूप लावून थेट कोपऱ्यापर्यंत जाणं ६०. फोन न करता शाळेतले पहिले तीन तास घेणं ८५. सुरुवात खालून. तुम्ही चहा करता, गॅस बंद करता, एकदा बघता आणि बाहेर येऊन उभ्या राहता. छातीत धडधडतं, हात खिडकीकडे, दाराकडे ओढ घेतो. मन म्हणतं, फक्त एकदा बघ. तुम्ही बघत नाही. दर पाच मिनिटांनी आकडा लिहिता. बहुतेक वेळा तो आधी चढतो आणि मग, तुम्ही काहीही केलेलं नसताना, उतरायला लागतो. एखाद्या दिवशी उतरला नाही तरी तो सोसून तुम्ही कामाला लागू शकता, हेही कळतं. गॅस चालू ठेवून जा असं कुणी सांगणार नाही. इतर माणसं जेवढी काळजी घेतात तेवढी घ्यायची आणि उरलेली अनिश्चितता अंगावर घ्यायची, एवढंच.

मला स्वतःला सर्वांत पटणारा पुरावा नेमका गॅसचाच आहे. नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी २००३ साली धडधाकट लोकांना संगणकावरच्या शेगडीचे नॉब पुन्हा पुन्हा तपासायला लावले. काय पाहिलं ते त्यांना बरोबर आठवत होतं. पण आठवण पुसट झाली आणि तिच्यावरचा भरवसा उतरला. तुम्ही चौथ्यांदा जिना चढता तेव्हा खात्री वाढत नाही, घटते. तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे, तिला उगाच दोष देऊ नका.

म्हणूनच धीर देणारं गोड बोलणं इथे उलटतं. “काही होणार नाही हो” हे ऐकलं की त्या क्षणी बरं वाटतं आणि मनाला पुढच्या वेळी पुन्हा तेच ऐकावंसं वाटतं. मिस्टरांचा फोटोही तसाच. ते प्रेमाने करतात, पण भीतीला रोज खुराक मिळतो. हे एका फटक्यात, चिडून तोडू नका. थेरपिस्टसमोर बसून दोघांनी ठरवा: पहिल्या आठवड्यात कदाचित फोटो बंद आणि एकच फोन, मग फोनही बंद. तुम्ही विचारलंत तर त्यांनी म्हणायचं, “तुला भीती वाटतेय हे कळतंय मला. पण आपलं ठरलंय ना, मी उत्तर देणार नाही.” हे बोलायला त्यांना जड जाईल. त्यांना आधीच सांगून ठेवा की त्या वेळी मी रडले, रागावले, तरी हे माझ्यासाठीच आहे.

मुलीला खरं सांगा. “आईला एक त्रास आहे, त्यात गॅसची खूप भीती वाटते. मी त्यावर उपचार घेतेय. गॅस बघणं हे तुझं काम नाही.” लपवलंत तर आई शाळेत नीट पोचावी म्हणून हे ओझं ती मुकाट्याने वाहत राहील. ते तिच्या डोक्यावरून आत्ताच उतरवा.

संमोहनाच्या नादी लागू नका. ओसीडीवर त्याचा भरवसा धरावा असं काही नाही. गोळ्यांचं म्हणाल तर त्या मानसोपचारतज्ज्ञांकडूनच घ्या. ओसीडीत त्यांचा गुण यायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत “काही फरक नाही” म्हणून मनाने बंद करू नका. इआरपी आणि गोळ्या दोन्ही एकत्र चालतात.

थेरपिस्ट शोधताना पहिल्याच फोनवर विचारा: ओसीडीसाठी इआरपी करता का? साधारण किती सत्रं लागतील? घरी काय करायला द्याल? “आधी मोकळं बोलूया, मग बघू” एवढंच उत्तर आलं तर नम्रपणे दुसरीकडे चौकशी करा. पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंद असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ पाहा. कुठून सुरुवात करावी सुचेना तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६. ती मोफत आहे, रात्री-बेरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. शाळेत कळेल ही धास्ती असेल तर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तुम्हाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. कराडमध्ये इआरपी करणारं कुणी नाही मिळालं तर ऑनलाइन घ्या. तुमच्या बाबतीत ते सोयीचंच आहे, कारण मोबाइल थेट ओट्यावर उभा करून जिथे त्रास होतो तिथेच सराव करता येईल.

पहिल्या भेटीला मिस्टरांना बरोबर न्या आणि बोलून काय होणार, हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

तुमची,
ताई