क्वेरी म्हणजे प्रश्नच, पण कुठला?

विचारणा अशी आहे: ‘काही क्वेरी असल्यास कळवा’ हे वाक्य कामाच्या प्रत्येक मेलच्या शेवटी असतं. क्वेरी म्हणजे प्रश्नच ना? मग सरळ क्वेश्चन का म्हणत नाहीत? आणि मराठीत लिहायचं झालं तर ‘पृच्छा’ चालेल का?

पहिल्याचं उत्तर ‘हो’, पण अर्धंच. क्वेरी हा प्रश्न असतो (संगणकवाल्यांनी यातही घोळ घातलाय, त्याकडे येतोच), पण प्रत्येक प्रश्न काही क्वेरी नसतो. परीक्षेच्या पेपरात पाच क्वेश्चन असतात, पाच क्वेरी नसतात. पेपर काढणाऱ्याला उत्तरं आधीच ठाऊक असतात. ‘जगण्याला अर्थ तरी काय?’ हीसुद्धा क्वेरी नव्हे, ते कुणाच्या हेल्पडेस्कला विचारून कळणार नाही. क्वेरी काढणाऱ्याचं काहीतरी अडलेलं असतं आणि समोरच्याकडे उत्तर असायलाच हवं असं तो धरून चालतो. फॉर्ममधला एक रकाना कळत नाही, बिलातला एक आकडा जुळत नाही, पार्सल कुठवर आलं ते दिसत नाही. या झाल्या क्वेरी. उत्तर मिळालं की काम पुढे सरकतं आणि क्वेरी बंद होते. म्हणून तर कंपन्या ‘तुमची क्वेरी क्लोज केली आहे’ असं कळवतात, कधी कधी उत्तर न देताच.

शब्दाचं मूळ लॅटिन. ‘क्वाएरेरे’ म्हणजे शोधणं, विचारणं. त्याचं आज्ञार्थी रूप ‘क्वाएरे’, म्हणजे ‘विचार’ किंवा ‘शोध घे’. लिखाणात एखादी गोष्ट संशयास्पद वाटली की तिथे हा शब्द टाकण्याची पद्धत होती, ‘हे तपासून पाहा’ अशा अर्थाने. सतराव्या शतकात तो इंग्रजी वळणाने ‘क्वेरी’ झाला आणि आज्ञेचं नाम बनलं. क्वेश्चन, क्वेस्ट, इन्क्वायरी, रिक्वेस्ट, रिक्वायर ही सगळी याच घरची मंडळी. ‘कॉन्कर’सुद्धा: शोधत जाऊन मिळवणं, म्हणजे जिंकणं. गंमत अशी की आपल्या ‘प्रश्न’शी क्वेश्चनचं नातं नाही. प्रश्न आणि पृच्छा दोन्ही ‘प्रच्छ्’ धातूचे, आणि या धातूचा इंग्रजीतला दूरचा भाऊबंद निघतो तो ‘प्रे’, प्रार्थना करणं. जर्मनमधलं ‘फ्रागेन’, म्हणजे विचारणं, हेही त्याच कुळातलं.

‘तपासून पाहा’ ही जुनी छटा आजही शाबूत आहे ती मुद्रितशोधनात. समजा, कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात नायिका १९५० साली १२ वर्षांची आहे. आठव्या प्रकरणात १९६२ साल उजाडतं आणि बाई तिसावा वाढदिवस साजरा करतात. मुद्रितशोधकाला कळतं की काहीतरी हुकलंय. पण काय हुकलंय? साल, वय, की मधलं एखादं प्रकरणच गळलं? ऱ्हस्वदीर्घाची चूक असती तर त्याने तिथल्या तिथे दुरुस्त केली असती. इथे तो अधिकार त्याला नाही. तो समासात प्रश्नचिन्ह काढतो आणि बारीक अक्षरात लिहितो: ‘प्र. १ नुसार इथे वय २४ येतं. लेखकाने पाहावं.’ याला इंग्रजीत ऑथर क्वेरी म्हणतात. ब्रिटिश छपाईत तर खुद्द प्रश्नचिन्हालाच क्वेरी म्हणत आले आहेत. मला या शब्दाचा हा वापर सगळ्यात आवडतो. शोधकाने चूक ठरवलेली नाही आणि सोडूनही दिलेली नाही. निर्णय ज्याचा त्याच्याकडे पाठवला आहे.

क्रियापदाचं बघा, फसगत तिथेच होते. ‘आय वुड लाइक टू क्वेरी धिस बिल’ याचा अर्थ ‘मला या बिलाची माहिती हवी आहे’ असा नाही. ‘हे बिल मला पटलेलं नाही’ असा आहे, फक्त आवाज खाली ठेवून म्हटलेलं. आकडे क्वेरी करणं म्हणजे आकड्यांवर शंका घेणं. तेव्हा वरिष्ठांच्या निर्णयाबद्दल निव्वळ माहिती हवी असताना ‘आय क्वेरी युअर डिसिजन’ असं लिहून पाठवू नका. ‘आय हॅव अ क्वेरी अबाउट इट’ म्हटलं की धार बरीच उतरते. नाम सौम्य, क्रियापद बोचरं. अमेरिकन इंग्रजीत माणसालाही क्वेरी करता येतं, म्हणजे त्याला प्रश्न विचारता येतो. ब्रिटिश वळणात मात्र क्रियापदाचं कर्म बहुधा वस्तू, आकडा किंवा विधान असतं.

आता मराठी. इंग्रजीने या एका शब्दात जे कोंबलंय ते आपण कधीच वेगवेगळं करून ठेवलेलं आहे. माहिती हवी असेल तर विचारणा किंवा चौकशी. कळलं नसेल किंवा पटलं नसेल तर शंका. आणि पटलं नाही हे ठासून सांगायचं असेल तर हरकत. यात चौकशी जरा जपून वापरावी लागते, कारण खिडकीवर गाडीची करतात तीही चौकशी आणि अफरातफर झाल्यावर लागते तीही चौकशी. इंग्रजीत ब्रिटिश मंडळी यासाठी एन्क्वायरी आणि इन्क्वायरी असं एका अक्षराचं अंतर ठेवतात, तेही सगळेच पाळत नाहीत. ‘तुमच्या चौकशीबद्दल आभार’ असं ग्राहकाला लिहिलं तर चालतं; ‘तुमची चौकशी सुरू आहे’ असं लिहिलं तर तो वकील गाठेल.

शंका हा शब्द मला क्वेरीच्या सगळ्यात जवळचा वाटतो. ‘एक शंका आहे’ असं म्हणणारा विद्यार्थी अविश्वास दाखवत नसतो, त्याला एक पायरी समजलेली नसते. उलट ‘मला त्याच्या हेतूबद्दल शंका आहे’ म्हटलं की तोच शब्द संशयावर जातो. क्वेरीची नाम म्हणून आणि क्रियापद म्हणून जी दोन रूपं वर पाहिली, ती शंकेत एकत्र नांदतात. याच शंकेचं शब्दशः भाषांतर करून आपण ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणतो आणि परदेशी शिक्षक गोंधळतो, की माझ्या सांगण्यावर याचा विश्वास नाही की काय. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणावं किंवा ‘क्वेरी’, दोन्ही निभतात. (लघुशंका आणि दीर्घशंका हे शब्द कोणी, कुठल्या संकोचापोटी घडवले असतील याचा विचार करत बसलो तर हा लेख संपणार नाही.)

पृच्छा चुकीचा नाही, पण तो बोलण्यातून गेलेला आहे. ज्योतिषी अजून ‘पृच्छक’ म्हणतात, कार्यालयीन पत्रात ‘पृच्छा केली असता’ दिसतं. ‘काही पृच्छा असल्यास कळवा’ लिहिलंत तर वाचणारा आधी त्या शब्दाचीच पृच्छा करेल. त्यापेक्षा ‘काही शंका असल्यास विचारा’ किंवा नुसतं ‘काही विचारायचं असल्यास कळवा’. ग्राहकाने आधीच काही विचारलं असेल तर ‘आपली विचारणा मिळाली’. बिलाबद्दल कुरकुर असेल तर ‘शंका’ किंवा सरळ ‘हरकत’.

एका जागी मात्र मराठी शब्द शोधण्याचा हट्ट मी करणार नाही, ती म्हणजे संगणक. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांमध्ये मांडण्याची पद्धत सुचवली. त्या तक्त्यांतून हवं ते काढण्यासाठी १९७४ मध्ये आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एक भाषा मांडली. तिचं नाव होतं सीक्वल. पुढे त्याचं एसक्यूएल झालं, आणि त्यातला ‘क्यू’ म्हणजे हीच क्वेरी. ‘मागच्या महिन्यात पैसे न भरलेले ग्राहक दाखव’ ही खरीखुरी क्वेरी. पण रोजच्या बोलण्यात ‘डिलीट क्वेरी’ही असते, जी काहीच विचारत नाही, थेट नोंदी पुसून टाकते. कुणी ‘चुकून क्वेरी मारली’ म्हणालं तर आधी ती कोणती होती ते विचारावं. वेबपत्त्यात प्रश्नचिन्हानंतर जे शेपूट येतं त्यालाही क्वेरी स्ट्रिंगच म्हणतात. या सगळ्याला ‘विचारणा’ म्हणणं म्हणजे काम करणाऱ्यांच्या वाटेत उगाच धोंडा ठेवणं. तिथे क्वेरीच राहू द्या.

राहिलं व्याकरण, ते कुणी विचारलेलं नाही तरी सांगतो. मराठीत क्वेरी स्त्रीलिंगी: ती क्वेरी आली, काढली, सुटली. अनेकवचन लोक ‘क्वेरीज’ करतात, किंवा ‘दोन क्वेरी’ असं तसंच ठेवतात. पण डायरीच्या डायऱ्या आणि बॅटरीच्या बॅटऱ्या आपण बिनदिक्कत करतो, तर ‘क्वेऱ्या’ म्हणायला हरकत नसावी. मी म्हणतो. ऐकणारे हसतात, पण कुणाला अर्थ विचारावा लागलेला नाही.