चॅप्स घेताना समोरची वादी आधी बघा

प्रश्न : काका, माझं शेत कंधार तालुक्यात डोंगराला लागून आहे. लाल कंधारी जनावरं चौतीस आहेत. दोन वर्षांपूर्वी माळेगावच्या यात्रेतून घोडी आणली, तेव्हापासून तिच्यावर बसूनच गुरं राखतो. पण रानात वेडी बाभूळ इतकी माजलीय की महिन्याला एक पँट फाटते आणि काटा मोडून मांडी पिकते ते वेगळंच. अमेरिकेतले गुराखी पँटवरून चामड्याच्या चॅप्स घालतात असं मोबाईलवर पाहिलं. ऑनलाइन काळ्या चमकदार मिळतायत. घेऊ का? आपल्या उन्हात झेपतील का?
– एक पशुपालक, जि. नांदेड

उत्तर : त्या काळ्या चमकदार घेऊ नका. त्या मोटारसायकलवाल्यांसाठी असतात. चामडं पातळ आणि आतून अस्तर. वारा अडवायला ठीक, पण वेडी बाभळीचा काटा त्यातून सरळ आत येईल आणि अस्तरामुळं तुम्ही एप्रिलमध्ये उकडून निघाल.

तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण ही वस्तू मुळात तुमच्यासारख्याच माणसांनी काढली. मेक्सिकोतले गुराखी तिला चापारेरास म्हणायचे. चापारो म्हणजे काटेरी खुरट्या झाडांची जाळी. जाळीत शिरायचं म्हणून पाय झाकले, एवढाच त्याचा जन्म. झालर, नक्षी, चांदीची बटणं नंतर आली.

प्रकार तीन लक्षात ठेवा. पहिला शॉटगन. कमरेपासून घोट्यापर्यंत सरळ नळी, बाहेरच्या बाजूनं लांब चेन. थंडीला चांगला, आपल्याकडं नको. दुसरा बॅटविंग. मांडीला मागून बक्कल, खाली मोकळा रुंद पंखा. हवा खेळते, घालायला-काढायला सोपा, पण तो पंखा दाट जाळीत अडकतो. तिसरा चिंक्स. हा गुडघ्याखाली चार बोटांवर संपतो, मांडीला दोन पट्टे, पोटरी मोकळी. तुम्ही चिंक्सच करून घ्या. घोड्यावर बसलेल्या माणसाचा गुडघा सगळ्यात पुढं असतो, झुडपाचा पहिला मार तिथं आणि मांडीवर बसतो. तेवढं झाकलं की काम झालं. चिंक्सला झालर लावायची पद्धत आहे, मी मात्र लावत नाही. काट्यात गुंतते.

पोटरीसाठी उंच बूट घाला. चपलेवर घोडीवर बसत असाल तर ते आजच बंद करा. टाच नसलेलं पायताण रिकिबीतून पुढं सरकतं, आणि माणूस पडला तर पाय अडकून फरफटतो.

आता चामडं. माझे वडील मोटा शिवायचे. विजेचे पंप आले आणि मोट गेली, पण कातडं हातानं ओळखायचं त्यांनी मला तोवर शिकवलं होतं. पाठीचं कातडं घट्ट, पोटाचं ढिलं आणि ताणणारं. मोटेच्या तोंडाशी पोटाचं कातडं लावलं तर पहिल्याच हंगामात ते लोंबायचं. चॅप्सचं तसंच आहे. मांडीवरचा भाग पाठीच्या किंवा बाजूच्या कातड्यातूनच कापायला सांगा, पोटाकडचे तुकडे लहान कामाला जाऊ द्या. मार्च 2015 पासून आपल्या राज्यात गायीसोबत बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळं तुम्हाला मिळेल ते बहुधा म्हशीचं. म्हशीचं चामडं जाड, दाणा भरड, काट्याला उत्तम. मात्र ते चिरून दीड ते दोन मिलिमीटरवर आणलेलं हवं. त्याहून जाड असेल तर गुडघा वाकणार नाही.

कमावलेलं कसं आहे तेही बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं ताठ राहतं, भिजून वाळलं की कडक होतं. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, मऊ, पाण्याला जास्त टिकणारं. कापलेली कड बघितली की कळतं. सालीचं आरपार तपकिरी असतं, क्रोमच्या मधोमध बहुधा निळसर-राखाडी रेघ दिसते. पायांवर क्रोमचं घ्या आणि कमरपट्टा सालीच्या चामड्याचा करा, तो ताणत नाही. गुळगुळीत बाजू बाहेर ठेवली तर काटा घसरून जातो, खरखरीत बाजू बाहेर ठेवली तर खोगिरावर पकड येते. तुमच्या रानासाठी मी गुळगुळीत बाजूच बाहेर ठेवीन.

माप उभ्यानं देऊ नका. रोज रानात घालता तीच पँट घाला आणि घोडीवर बसून, पाय रिकिबीत ठेवून माप घ्या. कंबर बेंबीपाशी मोजू नका, नितंबाच्या हाडावर मोजा, कारण चॅप्स तिथं टांगल्या जातात. मांडी बसल्यावर रुंदावते, ती सगळ्यात जाड जागी मोजा. नव्या चॅप्स जराशा घट्टच असाव्यात, चामडं वापरानं सैल होतं. बूड आणि जांघ उघडी राहते, तिथं शिवण नसतेच, म्हणून आत जाड पँट लागतेच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. चॅप्सचे दोन पाय समोर, पोटाखाली, एकमेकांना जोडलेले असतात. ती जोडणी बारीक, तुटेल अशी वादी, म्हणजे चामड्याची अरुंद पट्टी, असली पाहिजे. तिथं बक्कल नको. मजबूत बक्कल फक्त मागं, पाठीशी.

हे मी दुसऱ्याचं रक्त सांडून शिकलो. 1998 साली ओळखीच्या एका घोडेवाल्यासाठी मी पहिली जोडी शिवली. मजबूत व्हावी म्हणून समोर पितळी बक्कल घातलं आणि पट्टा दुहेरी शिवला. महिन्याभरात तो माणूस घोड्यावरून उतरत होता, तेवढ्यात खोगिराचं पुढचं उंच टोक त्या पट्ट्यात शिरलं. घोडा बुजला. माणूस खोगिराला टांगलेल्या अवस्थेत दहा-बारा पावलं फरफटला. खांदा निखळला, कानामागं टाके पडले. पट्टा काही तुटला नाही. त्या दिवशी माझ्या शिलाईनं दगा दिला असता तर तो जागच्या जागी मोकळा झाला असता. तेव्हापासून समोर मी साधी बारीक वादी एकदाच ओवतो आणि दोन्ही हातांनी हिसका देऊन बघतो. तुटली तरच गिऱ्हाईकाच्या हातात जोडी देतो, वर दोन वाद्या जास्तीच्या बांधून देतो. तुम्हीही शिवून घ्याल तेव्हा कारागिरासमोर हा हिसका देऊनच बघा. वादी तुटली नाही तर जोडी परत करा.

शिवायला घोड्याचं सामान करणाराच पाहिजे असं नाही. ट्रकच्या सीट शिवणाऱ्याकडं जड मशीन असते आणि नायलॉनचा दोराही. माझ्या अंदाजानं वीसेक चौरस फूट चामडं लागेल. आधी जुन्या पोत्याचा नमुना कापा, घोडीवर बसून घालून बघा, मगच चामड्याला रापी लावू द्या.

निगा सोपी आहे. घोडीचा घाम खारट असतो, तो ओल्या फडक्यानं पुसा. भिजल्या तर सावलीत कमरपट्ट्यानं टांगा, चुलीजवळ किंवा पत्र्यावर नको. घरात करडईचं तेल असतं म्हणून तेच लावायचा मोह होतो. लावू नका, ते हवेत चिकट होऊन बसतं आणि धूळ धरतं. वडील मोटेला एरंडेल लावायचे. वर्षातून दोनदा एरंडेलाचा पातळ हात पुरे. पावसाळ्यात पेटीत घडी घालून ठेवल्या तर बुरशी येईल.

प्रश्न : मुलगी छत्रपती संभाजीनगरला घोडेस्वारी शिकते. सरांनी हाफ चॅप्स आणायला सांगितल्या आहेत. माप कसं घ्यायचं?
– एक आई

उत्तर : ताई, हाफ चॅप्स म्हणजे फक्त पोटरीच्या. रिकिबीच्या वाद्यांचा चिमटा पोटरीला बसू नये आणि पाय स्थिर राहावा म्हणून त्या असतात. मुलीला तिची स्वारीची पँट आणि आखूड बूट घालून खुर्चीवर बसवा, गुडघे काटकोनात. जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळणापर्यंत उंची घ्या आणि पोटरी सगळ्यात जाड जागी मोजा. नव्या हाफ चॅप्स गुडघ्यामागं थोड्या टोचतील इतक्या उंच वाटल्या तरी चालेल, घोट्याशी चुण्या पडून त्या खाली बसतात. चेन बाहेरच्या बाजूला हवी, म्हणजे घोड्याला घासणार नाही. पोटरीवर सैल असतील तर त्या गोल फिरतात, त्या घेऊ नका.

प्रश्न : बांधावरची वेडी बाभूळ मी चेनसॉनं तोडतो. घोडा नाही, पण पाय वाचवायला चामड्याच्या चॅप्स चालतील का?
– एक शेतकरी, जि. बीड

उत्तर : काट्यासाठी चालतील, चेनसॉसाठी नाही. फिरती साखळी चामडं डोळ्याचं पातं लवायच्या आत कापते. चेनसॉच्या चॅप्स वेगळ्या असतात. त्यांच्या आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते धागे ओढले जाऊन तिच्या चक्रात गुंततात आणि साखळी थांबते. एकदा साखळी लागलेली जोडी पुन्हा वापरायची नाही, शिवूनही नाही. त्या मिळेपर्यंत मशीन ठेवा आणि कुऱ्हाड घ्या.